पाचाचे तीन बार झाले, तरी बदकांसाठी सेमी-ऑटोच का?

अमेरिकेत बदकांचा सीझन जवळ आला की बंदुकीच्या दुकानात काउंटरवर ठरलेला वाद सुरू होतो, सेमी-ऑटो शॉटगन, म्हणजे बार उडाला की पुढचं काडतूस आपोआप भरणारी छर्र्यांची बंदूक, गॅसवाली घ्यायची का इनर्शियावाली (जडत्वावर चालणारी), आणि तीन इंची काडतुसाची पुरेल का साडेतीन इंचीच पाहिजे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने बदकांच्या शिकारीचा विषयच संपवला, त्यामुळे मिनेसोटा नाहीतर आर्कान्साला राहणाऱ्या आपल्या माणसाला ऑफिसातला मित्र ही चर्चा ऐकवायला लागला की नुसती मान हलवायची वेळ येते. पण या प्रश्नांच्या मागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो फार मजेशीर आहे, कारण ही बंदूक आली ती पटापट जास्त बार काढायला, कायद्याने नेमका तोच फायदा काढून घेतला, आणि तरीही ती टिकली ती भलत्याच कारणाने, म्हणजे माणसाच्या खांद्यामुळे.

सुरुवात जॉन ब्राउनिंगपासून. युटामधल्या ऑग्डेनचा हा माणूस, डिझाइनं करायचा आणि विंचेस्टर कंपनीला एकरकमी विकून मोकळा व्हायचा, अशी कितीतरी विकली होती. पण १८९८ च्या सुमाराला त्याने आपोआप भरणारी शॉटगन बनवली तेव्हा त्याला कळलं होतं की हे प्रकरण वेगळं आहे, म्हणून यावेळी एकरकमी नको, प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी द्या म्हणाला. विंचेस्टरचा प्रमुख टी. जी. बेनेट तयार होईना. मग स्वारी निघाली रेमिंग्टनकडे, तारीख ८ जानेवारी १९०२, ब्राउनिंग ऑफिसात वाट बघत बसलाय आणि ज्यांना भेटायचं ते कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली त्याच दिवशी हार्ट अटॅकने गेले. एवढं झाल्यावर दुसरा कोणी घरी जाऊन बसला असता, हा जहाजात बसून बेल्जियमला गेला आणि तिथल्या एफएन या बंदुका बनवणाऱ्या कंपनीशी करार करून आला. स्वतःच दहा हजार बंदुकांची ऑर्डरही दिली. हीच पुढे ऑटो-५ म्हणून ओळखली गेली, पाच म्हणजे चार काडतुसं मॅगझिनमध्ये (नळीखालच्या, काडतुसं साठवायच्या दुसऱ्या नळीत) आणि एक नळीत. पुढे आयात करामुळे बेल्जियमहून आणणं महाग पडायला लागलं, तेव्हा १९०५ पासून रेमिंग्टननेच परवाना घेऊन अमेरिकेत ती काढली, आणि तीच मॉडेल ११.

हिच्यात बार उडाला की नळी आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा तुकडा) एकमेकांना धरून पूर्ण मागे येतात, मग नळी आधी पुढे जाते, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवीन आत जातं. मागचा भाग एकदम चौकोनी, म्हणून लाडाचं नाव हंपबॅक, म्हणजे कुबडी. पुढचं लाकूड काढलं की मॅगझिनच्या नळीवर जाड स्प्रिंग, एक पितळी तुकडा आणि एक पोलादी रिंग दिसते. जोरकस काडतूस वापरायचं असेल तर ही रिंग स्प्रिंगच्या पुढे, पितळी तुकड्याला लागून, तिरकी बाजू त्याच्याकडे करून बसवायची म्हणजे ब्रेक लागतो, आणि हलकं काडतूस असेल तर रिंग काढून स्प्रिंगच्या मागे टाकून द्यायची. हे विसरून हलक्या सेटिंगवर जोरकस काडतुसं उडवत बसलं की नळी दरवेळी धाडकन मागे आपटते आणि पुढचं लाकूड तडकतं. जुनी ऑटो-५ विकत घेणारा जाणकार माणूस आजही पहिल्यांदा तिथे तडा बघतो.

विंचेस्टरला मग पश्चात्ताप झाला असणार, पण ब्राउनिंगच्या पेटंटाला हात लावता येईना. बोल्ट मागे ओढायचा खटकासुद्धा पेटंटात अडकलेला! म्हणून त्यांच्या टी. सी. जॉन्सनने १९११ साली जी बंदूक आणली तिच्यात खटका नाहीच, नळीवर खरखरीत पट्टा होता तो धरून अख्खी नळी मागे ढकलायची. कागदी काडतूस ओलं होऊन फुगलं, आत अडकलं, की लोक दस्ता जमिनीवर टेकवून दोन्ही हातांनी नळी खाली दाबायचे, म्हणजे तोंड बरोबर नळीच्या तोंडावर. तिला विडो मेकर, म्हणजे बायकोला विधवा करणारी, हे नाव पडलं ते उगाच नाही.

आता बदकांकडे. त्या काळात शिकार म्हणजे रविवारचा छंद नव्हता, धंदा होता. चेसापीक खाडीच्या वरच्या टोकाला, सस्क्वेहाना नदीच्या मुखाशी हाव्र द ग्रेस गाव आहे, तिथली कॅनव्हासबॅक बदकं बाल्टिमोर आणि न्यूयॉर्कच्या हॉटेलांत जायची. सिंकबॉक्स म्हणून प्रकार होता, शवपेटीसारखी पेटी पाण्यात जवळजवळ काठोकाठ बुडवायची, बाजूने फळ्या पसरायच्या, वजनासाठी लोखंडी नकली बदकं ठेवायची आणि माणूस आत उताणा पडून राहायचा, बदकांना तो दिसायचाच नाही. अशा ठिकाणी दुनळीचे दोन बार संपल्यावर भरत बसणाऱ्याच्या हातात पाच बारांची आपोआप भरणारी बंदूक आली तर काय होणार. काहीजण मॅगझिन लांबवून घेऊन त्याहून जास्त काडतुसं भरायचे. विल्यम हॉर्नडेसारखे पक्ष्यांच्या बाजूचे लोक या बंदुकीच्या नावाने अक्षरशः शंख करायचे आणि पेन्सिल्व्हेनिया राज्याने तर १९०७ मध्येच शिकारीसाठी तिच्यावर बंदी घातली.

माझं मत विचाराल तर सगळा दोष बंदुकीवर टाकणं बरोबर नव्हतं. त्याच्या आधीपासून पंट गन नावाच्या होडीला बांधायच्या तोफा होत्याच, आणि बदकं मेली त्याच्यात पाणथळ जागा आटवून शेतं केली त्याचाही मोठा वाटा. पण कायदे आले आणि ते बरं झालं. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने बाजारासाठी शिकार बंद पाडली.

खरा दणका बसला १९३५ ला. तिशीतल्या दुष्काळात उत्तरेच्या गवताळ प्रदेशातली, म्हणजे जिथे बदकं अंडी घालतात तिथलीच डबकी सुकली आणि संख्या एवढी कोसळली की सरकारला हातपाय हलवावे लागले. वन्यजीव खात्याचा प्रमुख कोण तर डिंग डार्लिंग, पेशाने व्यंगचित्रकार! १९३४ ला बदकांच्या शिकारीसाठी विकत घ्यावं लागणारं एक डॉलरचं तिकीट, डक स्टॅम्प, निघालं त्याचं पहिलं चित्रही त्याचंच. १९३५ च्या नियमांनी सिंकबॉक्स गेला, जिवंत बदकं बांधून दुसऱ्यांना बोलवायचं बंद, दाणे टाकून बोलवायचंही बंद, आणि बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं नाहीत. म्हणजे मॅगझिनमध्ये दोन, नळीत एक. त्यासाठी मॅगझिनच्या नळीत लाकडाचा दांडका घालतात, त्याला प्लग म्हणतात. आज प्लास्टिकचा असतो, नव्या बंदुकीच्या खोक्यात येतो, आणि वॉर्डनने तपासल्यावर तिसरं काडतूस मॅगझिनमध्ये गेलं की दंड.

तर झालं काय, पंपगन (पुढचं लाकूड हाताने मागेपुढे ओढून भरायची) असो की सेमी-ऑटो, दोन्हीकडे तीनच बार. तीन बारांना सराव असलेला माणूस पंपनेही तितकाच झटपट असतो आणि पंपची किंमत निम्म्याहूनही कमी. सेमी-ऑटो इथेच मागे पडायला हवी होती. पडली नाही, कारण मधल्या काळात काडतुसं दांडगी होत गेली. तीन इंची बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, आकडा मोठा तितकं भोक बारीक) मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचं काडतूस, १९३५ च्याच आसपास विंचेस्टरच्या मॉडेल १२ हेवी डकबरोबर आलं, आणि ते पंपमधून दिवसभर झाडायचं म्हणजे खांदा सुजणार.

१९६३ ला रेमिंग्टनने मॉडेल ११०० आणली आणि चित्र बदललं. नळीला दोन बारीक भोकं, त्यातून जळालेल्या दारूचा थोडा गॅस खाली उतरतो, मॅगझिनभोवतीचा पिस्टन ढकलतो, बोल्ट मागे जातो, नळी जागची हलत नाही. धक्का तेवढाच पण तो जरा लांबून, पसरून येतो, त्यामुळे खांद्याला एकदम ठोसा बसल्यासारखं न वाटता ढकलल्यासारखं वाटतं. याच्या आधी गॅसच्या बंदुका आल्या नव्हत्या असं नाही, पण ही चालली, लाखांनी खपली. दुखणं एकच, काजळी. आणि पुढे एक रबरी ओ-रिंग असते ती तुटली की बंदूक एक-एक बारावर येते, म्हणून जुने लोक खिशात एक जादा ओ-रिंग टाकूनच निघतात.

मग आला शिशाचा प्रश्न, आणि हा माझ्या मते या सगळ्या कथेतला सगळ्यात मोठा भाग आहे पण दुकानात कोणी सांगत नाही. बदकं दाणे दळायला बारीक खडे गिळतात, ते पेट्यात राहतात, आपल्या कलेजी-पेट्यातला तोच पेटा. तळ्याच्या तळाशी पडलेले शिशाचे छर्रे खडे समजून गिळले की पेट्यात दळले जाऊन विष अंगात भिनतं. फ्रँक बेलरोझने १९५९ ला अंदाज मांडला की दर वर्षी दोन ते तीन टक्के पाणपक्षी असे मरतात. मेलेली आणि जखमी बदकं खाऊन गरुडांनाही विषबाधा व्हायला लागली, तो तर त्यांचा राष्ट्रीय पक्षी, मग कोर्टबाजी झाली आणि टप्प्याटप्प्याने करत १९९१ च्या सीझनपासून पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे देशभर बंद.

त्या जागी पोलाद आलं. पण शिशाची घनता ११.३ आणि पोलादाची ७.८ च्या आसपास, म्हणजे त्याच मापाचा छर्रा हलका, लवकर वेग गमावतो. उपाय काय तर छर्रा दोन नंबर मोठा घ्यायचा, वेग वाढवायचा, आणि मोठे छर्रे जास्त संख्येने मावायला काडतूस लांब करायचं. १९८८ ला काडतुसं बनवणाऱ्या फेडरलने आणि बंदुका बनवणाऱ्या मॉसबर्गने साडेतीन इंची बारा बोअर आणलं ते याच्यासाठी. पंपमधून ते उडवून बघा, पहिल्या बाराला मजा वाटते, पाचव्याला नाही.

बरोबर १९९१ ला बेनेलीने सुपर ब्लॅक ईगल आणली, पावणेतीन, तीन आणि साडेतीन तिन्ही लांबीची काडतुसं चालवणारी सेमी-ऑटो. बेनेली म्हणजे तेच मोटारसायकलवाले, पुण्यात ज्यांच्या बाइक आल्या होत्या, त्या घराने १९६७ ला उर्बिनोला बंदुकीची वेगळी कंपनी काढली. ब्रुनो चिव्होलानीची आयडिया अशी की गॅस नको, नळीही हलवायची नको, बार उडाला की अख्खी बंदूक मागे येते पण आतला जड बोल्ट जडत्वाने जागीच राहायला बघतो, त्याच्यात आणि बोल्टच्या तोंडात एक आखूड कडक स्प्रिंग दाबली जाते, आणि ती सुटली की सगळं काम करते. आत गॅस येत नाही म्हणून काजळी नाही, चिखल-थंडीत चालते, वजनाला हलकी. पण हलकी म्हणजेच धक्का जास्त, फुकट काही नसतं! शिवाय एक खोड, आडोशाला टेकवताना बोल्टला ठोकर लागली तर तोंड पूर्ण फिरून लॉक होत नाही, बदकं समोर आली, चाप ओढला की नुसतं क्लिक. बेनेली क्लिक हा तिकडे वाक्प्रचारच झालाय. २०१७ च्या सुपर ब्लॅक ईगल ३ मध्ये कंपनीने त्याच्यासाठी वेगळी सोय केली.

पेटंटची मुदत संपली तशी इनर्शिया सगळ्यांची झाली. ब्राउनिंगने २०१२ ला ए-५ हे जुनं नाव आणि चौकोनी कुबड परत आणलं, आतली यंत्रणा मात्र इनर्शियाची. तुर्कस्तानात कोन्या प्रांतातल्या हुगलू-उझुमलूच्या कारखान्यांतून स्वस्त बंदुकांचा तर लोंढाच आला. बेरेटाने गॅसवरच काम करत ए-४०० काढली, आणि बेनेलीही बेरेटाच्याच घरात असल्यामुळे गॅस की इनर्शिया हे काउंटरवरचं भांडण बऱ्याचदा एकाच मालकाच्या दोन पोरांचं असतं.

साडेतीन इंचीचं म्हणाल तर ती गरज पोलादी काडतुसं नवीन आणि कच्ची होती तेव्हाची. आता पोलादी काडतुसंच सुधारलीत, बिस्मथ या धातूचे छर्रे आलेत आणि टंगस्टनचे छर्रे तर शिशाहूनही जड, त्यामुळे लोक तीन इंची बारा बोअरकडे आणि वीस बोअरकडेही वळायला लागलेत. मोठ्या कलहंसांच्या (गूज) मागे जाणारा असेल तर घ्यावी साडेतीनची, पण नुसत्या बदकांसाठी तिचे जादा पैसे मोजण्यापेक्षा तेच पैसे काडतुसांत घालून ऑगस्टभर सरावाला मातीच्या तबकड्या फोडलेल्या बऱ्या, आणि खांद्याला खरंच त्रास होत असेल तर डोळे मिटून गॅसवाली घ्यावी.