स्कॅटरिंग मीटरचं कॅलिब्रेशन

समुद्राच्या पाण्यात उजेड सोडला तर तो सरळ जात नाही, पाण्याचे रेणू, चिखलाचे कण, शेवाळाचे बारके जीव यांना धडकून इकडंतिकडं फेकला जातो, शाळेच्या पुस्तकात याला विकिरण म्हणतात, बोलताना सगळे स्कॅटरिंगच म्हणतात. ते मोजणारा सेन्सर आपल्याला फक्त ‘काउंट’ देतो, म्हणजे 213 असा नुसता आकडा. 213 काय? पायली का कुडव? या आकड्याला माहितीतल्या कणांशी बांधून खऱ्या एककात आणायचं काम म्हणजे कॅलिब्रेशन. विदर्भात समुद्र नाही, तरी हे इथल्या माणसाच्या कामाचं आहे, काहून की गावच्या नळयोजनेचा टर्बिडिटी मीटर, म्हणजे पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्र, याच तत्त्वावर चालते. (आणि समुद्राचा अभ्यास करणारी सरकारी संस्था इन्कॉइस तरी कुठं किनाऱ्यावर आहे, ती हैदराबादला आहे.)

समुद्राचा निळा रंग म्हणजे नुसतं आभाळाचं प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणू स्वतः उजेड विखुरतात, हे सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये इंग्लंडहून बोटीनं परतताना तपासलं होतं. हेच रामन त्याआधी, 1910 च्या सुमारास, वित्त खात्याच्या नोकरीत नागपूरला होते, पण इथं हे कमी जणांना माहीत असते.

कॅलिब्रेशनमध्ये दोन गोष्टी काढायच्या असतात. पहिली डार्क काउंट. डिटेक्टरच्या काचेवर काळी टेप लावायची, सेन्सर पाण्यात बुडवायचा आणि रीडिंग घ्यायचं, उजेड आत जाऊनच नाही राहिला तरी जो आकडा दिसते तो इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा. रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतो तसा तो प्रत्येक रीडिंगमधून वजा करायचा. खोल समुद्रात पाणी इतकं नितळ असते की खरा सिग्नल या डार्कच्या जवळपासच असतो, तिथं दोन-तीन काउंटची चूकसुद्धा भारी पडते.

दुसरी गोष्ट स्केल फॅक्टर, म्हणजे एका काउंटमागं खरं विकिरण किती, आणि खरी मेहनत इथंच आहे. पॉलिस्टायरीनचे एकदम गोल, एकाच मापाचे मणी मिळतात, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक (0.1 किंवा 2 मायक्रॉनचे वापरतात). माप आणि अपवर्तनांक माहीत असला की कोणत्या कोनात किती उजेड जाईल हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्ताव मी (Mie) यांच्या 1908 च्या सिद्धांतावरून गणितानं काढता येते. काळ्या टाकीत गाळलेलं पाणी घ्यायचं, त्यात मणी थोडेथोडे टाकत जायचं, दरवेळी हलक्या हातानं ढवळून काउंट लिहायचा आणि बाजूला दुसऱ्या यंत्रानं प्रकाश किती घटला तेही मोजायचं. या घटीवरून आणि मी यांच्या गणितावरून मण्यांचं खरं विकिरण निघते, ते काउंटसमोर मांडायचं. आलेख सरळ रेषेत आला तर तिचा उतार म्हणजे स्केल फॅक्टर. मणी जास्त झाले की रेषा वाकते, कारण एकदा विखुरलेला उजेड पुन्हा पुन्हा विखुरतो, ते बिंदू सोडून द्यायचे. बुडबुडे राहिले तर सगळं वाया, बुडबुडासुद्धा उजेड फेकतोच. काही यंत्रांसाठी मण्यांऐवजी परावर्तन माहीत असलेली पांढरी प्लेट पाण्यात सेन्सरसमोर मागंपुढं सरकवतात.

सेन्सर उजेड एकाच कोनात बघते, कुठं 117 अंश, कुठं 124, कुठं 140. मागं फेकला गेलेला एकूण उजेड त्यावरून गुणक लावून काढतात, म्हणून कोन लिहून न ठेवता दिलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. शुद्ध पाण्याचा वाटाही वजा करावा लागते, आणि समुद्राचं मीठ तो वाटा साधारण 30 टक्क्यांनी वाढवते.

गावाकडच्या मीटरला मण्यांऐवजी फॉर्माझिन लागते, हे पांढरं दुधाळ द्रावण 1926 पासून वापरात आहे. हायड्राझिन सल्फेट आणि हेक्सामिन मिसळून 24 तास ठेवलं की तयार होते, पण हायड्राझिन विषारी आहे, तेव्हा घरगुती खटाटोप करू नये, तयार बाटली घ्यावी. वापरायच्या आधी बाटली उलटीपालटी करायची, जोरात हलवली तर हवा भरते. हापशीचं ताजं पाणी कधी कधी दुधासारखं पांढरं दिसते तीही हवाच, जरा थांबून मोजायचं. व्हायलच्या, म्हणजे नमुन्याच्या छोट्या बाटलीच्या, काचेवर बोटाचे ठसे नको, ओरखडे तर नकोच. पिण्याच्या पाण्याला आयएस 10500 या भारतीय मानकाप्रमाणे 1 एनटीयू (गढूळपणाचं माप), दुसरा स्रोतच नसेल तर 5 पर्यंत चालते.

आता खरी गोम. एनटीयू हे मीटर-किलोसारखं एकक नाहीच, ‘फॉर्माझिनच्या मानानं किती’ एवढंच ते सांगते. पऱ्हाटीच्या वावरातून नाल्यात आलेलं काळ्या मातीचं पाणी दोन मीटरमध्ये टाका, एक पांढऱ्या बल्बचा, एक 860 नॅनोमीटरच्या इन्फ्रारेडचा, दोन्ही एकाच फॉर्माझिनवर बसवलेले, तरी आकडे वेगळे येऊ शकतात, आणि दोन्ही मीटर बरोबर असतात. काळी माती म्हणजे फॉर्माझिन नाही, तिचे कण वेगळे, ती उजेड गिळतेही. पळसाच्या फुलांचं रंगाचं पाणी घेतलं तर पांढऱ्या बल्बचा मीटर गढूळपणा कमी दाखवते, रंगच उजेड खाऊन टाकते. म्हणून समुद्रवाले एनटीयूवर थांबत नाहीत, ते ‘प्रति मीटर प्रति स्टेरेडियन’ (स्टेरेडियन म्हणजे घनकोनाचं एकक) असा आकडा मागतात, कोन आणि तरंगलांबीसकट.

सेन्सर समुद्रातून परत आला की काच पुसून पुन्हा तेच मणी, पुन्हा तीच टेप, कारण मोहिमेत काचेवर शेवाळ चढते आणि दिव्याचा जोरही कमी होते. आधीचा आणि नंतरचा स्केल फॅक्टर जुळला नाही तर मधल्या सगळ्या रीडिंगला दुरुस्ती लावावी लागते.