तिम्नाथ-सेरह (तिम्नाथ-हेरेस)

बायबलमधले, इस्राएलच्या एफ्राइम वंशाच्या डोंगराळ मुलखातले प्राचीन नगर. इस्राएलींचा नेता मोशे याचा वारसदार यहोशवा याला ते वतन म्हणून मिळाले आणि 110 व्या वर्षी मृत्यू आल्यावर त्याला तिथेच पुरले. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात (19:50, 24:30) ‘तिम्नाथ-सेरह’ असे नाव आहे. बायबलच्याच ‘शास्ते’ या पुस्तकात (2:9) त्याच दफनाची हकिकत जवळजवळ शब्दशः पुन्हा येते, पण तिथे नाव आहे ‘तिम्नाथ-हेरेस’. दोन्ही ठिकाणी ते गाश डोंगराच्या उत्तरेस सांगितलेले असल्यामुळे गाव एकच, हे उघड आहे.

नावाचा पहिला भाग सोपा. ‘तिम्ना’ हा शब्द बहुधा ‘मोजणे, नेमून देणे’ या अर्थाच्या ‘म-न-ह’ या हिब्रू धातूवरून आला. म्हणजे वाट्याला आलेली जमीन. पुढे दुसरे नाम जोडले की शेवटी ‘त्’ येतो आणि ‘अमक्याचे तिम्ना’ असा अर्थ होतो. जोडनाव लागायचे कारण व्यवहारी आहे: तिम्ना नावाची गावे अनेक होती. शमशोनाची सासुरवाडी असलेले तिम्ना (शास्ते 14) वेगळे, यहूदाच्या डोंगरातले (यहोशवा 15:57) आणखी वेगळे. वडगाव मावळ आणि वडगाव शेरी म्हणावे लागते, तसेच हे.

खरा पेच दुसऱ्या भागात आहे. ‘सेरह’ची हिब्रू अक्षरे सामेख (स), रेश (र), हेथ (ह), ‘हेरेस’ची हेथ, रेश, सामेख. तीच तीन अक्षरे उलट्या क्रमाने. देवनागरीत स-र-ह आणि ह-र-स असे लिहिले तरी ते दिसते.

‘हेरेस’ हा सूर्यासाठीचा दुर्मिळ, काव्यातला शब्द. रोजचा शब्द ‘शेमेश’. ईयोब 9:7 मध्ये ‘हेरेस’ सूर्याच्या अर्थाने येतो आणि शास्ते 14:18 मध्ये त्याचेच एक रूप सूर्यास्ताच्या संदर्भात आहे. त्यामुळे तिम्नाथ-हेरेस म्हणजे ‘सूर्याचा वाटा’. खापर या अर्थाचा ‘हेरेस’ शब्द उच्चाराला सारखा, पण त्याच्या शेवटी सामेख नसून सिन हे अक्षर असते. लिप्यंतरावरून अर्थ लावणारे इथे हमखास घसरतात.

‘सेरह’ म्हणजे उरलेला, लोंबता भाग. निर्गम 26:12 मध्ये निवासमंडपाच्या पडद्याच्या जादा लोंबणाऱ्या भागाला हाच शब्द आहे. साऱ्या वंशांच्या वाटण्या झाल्यावर यहोशवाला हे नगर मिळाले, म्हणून ‘उरलेला वाटा’ असा अर्थ लावता येतो. अर्थ चपखल बसतो; जरा जास्तच चपखल.

मूळ रूप कोणते? ‘हेरेस’ जुने असावे, हे मत अधिक पटते. कनानी गावांच्या नावांत सूर्य नवा नव्हता. बेथ-शेमेश म्हणजे ‘सूर्याचे घर’. पुढच्या काळात सूर्यपूजेचा वास नको म्हणून अक्षरे मुद्दाम फिरवली, असे अनेक अभ्यासक मानतात. नकलकाराच्या हातून झालेली अदलाबदलही शक्य आहे. यशया 19:18 मध्ये असाच घोळ आहे: पारंपरिक हिब्रू पाठात ‘विनाशाचे नगर’, तर मृत समुद्राजवळ सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीत ‘सूर्याचे नगर’. फरक एवढाच की ‘हे’च्या जागी ‘हेथ’ आहे, आणि ही दोन अक्षरे लिहिताना जवळजवळ सारखी दिसतात. व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात शास्ते 2:9 लाही ‘सेरह’चेच रूप आहे, पण त्यावरून ते मूळ ठरत नाही. दोन पाठ जुळवून घेण्याकडे भाषांतरकारांचा कल असतोच.

यहुदी परंपरेने दोन्ही रूपे सांभाळली. गिबोनावर सूर्य थांबवणाऱ्या यहोशवाच्या कबरीवर सूर्याची आकृती होती, म्हणून ‘हेरेस’, असे राशी हा मध्ययुगीन यहुदी भाष्यकार सांगतो. तालमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या बाबा बात्रा भागात नावांचा संबंध फळांशी जोडला आहे: आधी खापरासारखी कोरडी, नंतर रसाने इतकी भरलेली की वास सुटावा. ही शब्दांवरची कोटी आहे, व्युत्पत्ती नव्हे.

स्थळ म्हणून रामल्लाच्या वायव्येकडील खिरबेत तिब्ना सर्वसाधारणपणे मानले जाते. ‘म’चा ‘ब’ होऊन तिम्नाचे तिब्ना झाले. रोमन काळी ‘थाम्ना’ हे एका प्रशासकीय विभागाचे मुख्य ठिकाण होते. 1863 मध्ये व्हिक्टर गेरँ या फ्रेंच संशोधकाने तिथली दिव्यांच्या कोनाड्यांनी भरलेली खडकातली कबर यहोशवाची ठरवली. पण ती घडण यहोशवाच्या कथेतील काळापेक्षा कितीतरी नंतरची आहे. दुसरा दावा एरिएलजवळच्या किफ्ल हारिस या गावाचा. तिथे यहोशवा, त्याचा सोबती कालेब आणि यहोशवाचा बाप नून यांच्या कबरी दाखवतात आणि गावाच्या नावात ‘हेरेस’ ऐकू येतो. नुसत्या नादसाम्यावर मात्र फार भिस्त ठेवता येत नाही.