शलाका परीक्षा ते स्कॉलरशिप : खान्देशातल्या शाळा आणि एकच पेपर

शलाका परीक्षा म्हणजे जुन्या संस्कृत शिक्षणातली परीक्षा. पोथीत काडी घालायची, जे पान उघडेल तिथून विद्यार्थ्याने वाचायचं आणि अर्थ लावून दाखवायचा. मिथिलेत ही विशेष गाजलेली. अख्खी पोथीच पेपर, त्यामुळे महत्त्वाचे प्रश्न तेवढे करून जाणं शक्यच नव्हतं आणि समोर बसलेले पंडित लगेच विचारणार, हा अर्थ कसा काढलास. आजची प्रमाणित परीक्षा याच्या बरोबर उलट टोकाला, सगळ्यांना एकच पेपर, एकच वेळ, एकच उत्तरसूची.

खान्देशात शास्त्र शिकवायची परंपरा खूप जुनी आहे. चाळीसगावजवळ पाटणला (पाटणादेवी) जो शिलालेख सापडला त्यात बाराव्या शतकातले गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला अशी नोंद आहे, काळ 13 व्या शतकाची अगदी सुरुवात. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातल्या विक्रीतून मठाला काय द्यायचं ते लिहिलंय, म्हणजे गणित-ज्योतिषाची ही शाळा आजूबाजूच्या लोकांच्या पैशावरही चालायची. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

एकच पेपर आला तो मुंबई विद्यापीठासोबत. विद्यापीठ 1857 चं, पहिली मॅट्रिक 1859 ला. पुढे मॅट्रिकला संस्कृतमध्ये पहिला येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळायला लागली (1912 ला ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली) आणि संस्कृतची हुशारी मार्कांत मोजायची सवय लागली ती कायमची. आजही दहावीला संस्कृत संपूर्ण 100 मार्कांचं नाहीतर हिंदीबरोबर संयुक्त 50 चं, आणि बरीच पोरं ते स्कोरिंग म्हणून घेतात. धातुरूपं पाठ, सुभाषितं पाठ, पण न वाचलेला श्लोक समोर ठेवला की गाडी अडते.

प्राथमिकला मुख्य परीक्षा स्कॉलरशिपची, पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 मार्क, दीड तास, गोल काळे करायचे. आधी चौथी-सातवीला होती, 2016-17 पासून पाचवी-आठवीला गेली, 2025 मध्ये परत चौथी-सातवीला आणायचं ठरलं. हिचा फायदा खराच आहे, नंदुरबारातल्या धडगावच्या आश्रमशाळेतल्या पोराला आणि पुण्यातल्या पोराला एकच माप लागतं, तपासणाऱ्याला नाव-गाव-आडनाव दिसत नाही, शलाका परीक्षेत हे कधीच नव्हतं, तिथे मुळात पंडितासमोर बसायला मिळणं हेच थोड्यांच्या नशिबी होतं.

पण माप एक असलं तरी भाषा एक नाही. घरी आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), ‘काय करी राहिना’ (काय करतोय) असं अहिराणी, म्हणजे खान्देशची बोली, बोलणारं पोर ‘प्रथम भाषा’ म्हणून जो पेपर सोडवतं तो प्रमाण मराठीचा असतो, आणि नंदुरबारकडच्या भिली, पावरी बोलणाऱ्या पोरांना तर तो जवळजवळ परक्या भाषेचाच. समानार्थी शब्दाला चुकलं म्हणजे पोराकडे शब्द नाहीत असं नाही, त्याचा शब्द चार पर्यायांत नव्हता.

म्हणून परीक्षा ठेवावी, पण वर्षभर नुसते सराव-संच सोडवून घेऊ नयेत. तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत पुस्तक कुठंही उघडून एकाला वाचायला लावायचं आणि अर्थ विचारायचा, अहिराणीत सांगितला तरी चालेल, याला ना फी लागते ना फॉर्म.