काजूचा चीक आणि पंधरा कार्बनांची शेपटी

मार्च-एप्रिलात गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या पोराच्या ओठाशी काळा डाग दिसला की घरच्यांना विचारावं लागत नाही. पठ्ठ्याने काजूची कच्ची बी दातांनी फोडलेली असते. चीक लागला तिथे आधी आग होते, मग काळं पडतं आणि काही दिवसांनी कातडी सोलून निघते. पाण्याने कितीही धुवा, चीक ढिम्म हलत नाही. बिबे, म्हणजे कोवळे काजूगर, सोलणाऱ्या बायका म्हणूनच आधी हाताला खोबरेल चोपडून घेतात. पाण्याला जे जमत नाही ते खोबरेलाला कसं जमतं?

चिकात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक आम्ल असतं. नावाला घाबरू नका, रेणू डोळ्यांसमोर आणा. सहा कार्बनांचं षटकोनी कडं, म्हणजे बेंझिनचं वलय. त्याच्या एका कोपऱ्यावर कार्बोक्सिल गट, म्हणजे एक कार्बन, दोन ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन. त्याच्या एका शेजाऱ्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट. दुसऱ्या शेजाऱ्याला पंधरा कार्बनांची लांबलचक शेपटी. कार्बनला चार हात असतात आणि तो आपल्याच जातभाईंचे हात धरून लांब साखळ्या करतो, म्हणून अशी शेपटी शक्य होते.

शेपटीत कार्बन आणि हायड्रोजन सोडून काही नाही. असल्या हायड्रोकार्बन साखळीचं पाण्याशी जमत नाही, तेला-तुपाशी मात्र छान जमतं. आपल्या त्वचेतही स्निग्ध पदार्थ असतात, त्यामुळे चीक आत मुरतो. हाताला आधीच खोबरेल असेल तर तो त्या तेलातच विरघळतो आणि कातडीपर्यंत कमी पोचतो. महाराष्ट्रातला बिब्बा उततो तोही याच कुळातला. त्याच्या वलयावर हायड्रॉक्सिलची जोडगोळी असते आणि शेपटी पुन्हा पंधरा कार्बनांचीच. आपल्याकडे कोवळ्या काजूगराला बिबे म्हणतात हे मला म्हणूनच फार गमतीचं वाटतं.

शेपटीने रेणू कशात विरघळणार ते ठरतं, पण त्याचा स्वभाव ठरतो क्रियात्मक गटांवर, म्हणजे कार्बोक्सिल, हायड्रॉक्सिल अशा जोडलेल्या गटांवर. ही शेपटी कागदावर छाटून टाका, उरतं ते सॅलिसिलिक आम्ल. कुरुपावरच्या मलमात असतं तेच!

आता बोंडूकडे, म्हणजे काजूच्या फळाकडे वळू. त्याचा नीरो, म्हणजे रस, आंबला की यीस्ट साखरेचं इथेनॉल करतं. दोन कार्बनांची साखळी, टोकाला हायड्रॉक्सिल. पहिल्या ऊर्ध्वपातनात हुर्राक, दुसऱ्यात फेणी. एक कार्बन कमी केला की मिथेनॉल, म्हणजे विषारी दारूतलं ते जीवघेणं द्रव्य. दोघं एकाच समजातीय श्रेणीतले, म्हणजे एकेका कार्बनने वाढत जाणाऱ्या कुटुंबातले, सख्खे शेजारी. आंबलेला नीरो उघडा राहिला तर जिवाणू हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने इथेनॉलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतात. माडाच्या सुरेचं व्हिनेगर होतं ते असंच. कार्बन दोनच राहतात, टोकाचा गट तेवढा बदलतो.

समघटकता, म्हणजे अणू तेच पण जोडणी वेगळी, ही त्याहून विचित्र. इथेनॉलमधले दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन तेच ठेवा, फक्त ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधोमध बसवा. होतं डायमिथाइल ईथर. इथेनॉल ७८ अंश सेल्सिअसला उकळतं, हा पठ्ठ्या उणे २४ लाच. म्हणजे गोव्याच्या हवेत तो वायूच.

जाता जाता ‘सेंद्रिय’ शब्दाबद्दल. सजीवांच्या शरीराबाहेर असे कार्बनचे पदार्थ बनूच शकत नाहीत, असं एके काळी मानत. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि त्या समजुतीला तडा गेला. नाव तेवढं राहिलं. म्हणून बाजारातली ‘सेंद्रिय’ भाजी आणि ती घालून आणायची प्लॅस्टिकची पिशवी, रसायनशास्त्राच्या हिशेबाने दोन्ही सेंद्रियच.

अंगणात जुन्या पत्र्यावर काजू भाजताना बिया फुरफुरतात, तेल पेट घेतं आणि धुराने डोळे चुरचुरतात. त्या उष्णतेने अ‍ॅनाकार्डिक आम्लातला कार्बोक्सिल गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. मागे राहतं कार्डेनॉल, शेपटी शाबूत. कारखान्यात फॉर्मल्डिहाइडशी त्याची जोडणी करून राळ बनवतात आणि ती ब्रेकच्या लायनिंगमध्ये वापरतात. चोर्ला घाट उतरणाऱ्या एखाद्या ट्रकच्या चाकाशी काजूचा चीक घासला जात असेल.