संगणकाच्या लहान केसमधील वॉटर कूलिंग आणि मोठ्या टाकीचा गैरसमज

संगणकाच्या अगदी लहान केसमध्ये, म्हणजे त्याच्या बाहेरच्या पेटीत, वॉटर कूलिंग (नळ्यांतून पाणी फिरवून भाग गार ठेवणे) बसवायचे असेल, तर पाण्याची टाकी जमेल तेवढी मोठी घ्यावी, हा नाशिकच्या हौशी मंडळींतही फिरणारा जुना सल्ला चुकीचा आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॅट उष्णता सोडत असतील, तर रेडिएटरविना १ लिटर पाणी मिनिटाला सुमारे ४ अंशांनी तापते. म्हणजे मोठी टाकी तापमानवाढ केवळ काही मिनिटे लांबवते. उष्णता बाहेर टाकतो तो रेडिएटर, म्हणून मोजकी जागा त्याला आणि त्याच्या पंख्यांना द्यावी. माठातले पाणी गार राहते तसे टाकीतलेही राहील, हा माठाचा दाखला येथे गैरलागू आहे, कारण माठ पाझरतो व बाष्पीभवनाने गार होतो. बंद नळ्यांतले पाणी मात्र, एप्रिलमध्ये खोलीत ३८ अंश असताना, त्याखाली उतरणारच नाही.