वरून खाली बांधलेली शाळा : इंग्लंडच्या इंडिपेंडंट स्कूलची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या इंडिपेंडंट स्कूलबद्दल, म्हणजे सरकारी व्यवस्थेबाहेरच्या, फी घेऊन चालणाऱ्या खाजगी शाळांबद्दल वाचताना असं वाटतं की तीन वर्षांचं पोर नर्सरीत नेऊन सोडायचं, ते सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी त्याच गेटमधून बाहेर येणार, आणि हे सगळं कुणीतरी एकदा बसून नीट आखलेलं असणार. तसं काही झालेलं नाहीये. ही शाळा वरून खाली बांधत आणलेली आहे, आधी मोठी मुलं, मग काही शतकांनी मधली, आणि छोटी अगदी शेवटी, आणि प्रत्येक मजला बांधणारे लोक वेगळे, त्यांची कारणंही वेगळी. आजही तिथे सात, अकरा आणि तेरा या वयांना काहीतरी बदलतं, कुठे प्रवेश परीक्षा, कुठे इमारतच दुसरी, ते या जोडकामामुळे.

वरचा मजला सगळ्यात जुना. बिशप विल्यम ऑफ विकम याने 1382 मध्ये विंचेस्टर कॉलेज काढलं ते 70 गरीब विद्यार्थ्यांसाठी, आणि राजा सहावा हेन्री याने 1440 मध्ये ईटन काढलं तेही 70 मुलांना फुकट शिकवायला. म्हणजे आज ज्या शाळांची फी ऐकून छातीत धस्स होतं त्या सुरू झाल्या होत्या गरिबांच्या लॅटिनसाठी! फी भरणारी मुलं आधी बाहेर गावात राहून यायची, हळूहळू तीच जास्त झाली आणि शाळा त्यांची झाली. 'पब्लिक स्कूल' हा शब्दही तिथलाच, सरकारी या अर्थाने नाही, तर पोरगा कुठल्याही गावचा असो, फी भरली की प्रवेश, या अर्थाने. 1868 च्या पब्लिक स्कूल्स ॲक्टमध्ये अशा सात शाळांचा कारभार सरकारी हस्तक्षेपापासून मोकळा करून त्यांच्या स्वतःच्या नियामक मंडळांकडे दिला, आणि पुढच्याच वर्षी बाकीच्या जुन्या शाळांवर कायदा येतोय म्हटल्यावर अपिंगम शाळेचे हेडमास्तर एडवर्ड थ्रिंग यांनी हेडमास्तरांची बैठक बोलावली, ती परिषद आजतागायत चालू आहे. सरकारने आमच्या वर्गात डोकावू नये हा हट्ट तेव्हापासूनचा.

मधला मजला का आला, तर लहान मुलांचे हाल व्हायचे म्हणून. आठ-नऊ वर्षांचं पोर सतरा वर्षांच्या मुलांबरोबर एकाच वसतिगृहात, आणि मोठ्यांची कामं लहानांनी करायची ही तर रीतसर पद्धतच होती. मग एकोणिसाव्या शतकात वेगळ्या प्रेप स्कूल निघाल्या, त्यांचं काम एकच, मुलाला तेराव्या वर्षापर्यंत वरच्या शाळेसाठी तयार करणं. यांचे हेडमास्तर 1892 मध्ये पहिल्यांदा एकत्र जमले तेव्हा विषय काय होता, तर लहान मुलांसाठी क्रिकेटचा बॉल केवढा असावा आणि स्टंपमधलं अंतर किती! मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नाही, त्याच्या हाताला मावेल असा बॉल हवा, हे शिकवण्याच्या बाबतीत कळायच्या आधी त्यांना मैदानावर कळलं. नंतर 1904 पासून कॉमन एन्ट्रन्स परीक्षा आली, म्हणजे प्रत्येक वरच्या शाळेचा वेगळा पेपर देत फिरायची गरज संपली, पण त्याच परीक्षेने मधल्या मजल्याचा सगळा अभ्यासक्रमही ठरवून टाकला.

नर्सरीची गोष्ट मात्र या लोकांची नाहीच, ती सुरू होते गिरणीत. स्कॉटलंडमध्ये न्यू लॅनार्कला रॉबर्ट ओवेनने 1816 मध्ये गिरणी कामगारांच्या लहान मुलांसाठी शाळा काढली, पुस्तकाची सक्ती नाही, मारायचं नाही, गाणं, नाच आणि बाहेर खेळणं. तिकडे जर्मनीत फ्रीड्रिश फ्रोबेलने लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे हातात देऊन शिकवायची पद्धत बसवली, 1840 मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं, आणि प्रशियाच्या सरकारला त्यातही धोका दिसला म्हणून 1851 मध्ये बंदी आली. त्याच वर्षी लंडनमध्ये जर्मनीतून आलेल्या एका जोडप्याने किंडरगार्टन सुरू केलं, तिथून ती कल्पना इंग्लंडमध्ये पसरली. पुढे 1914 मध्ये मॅकमिलन बहिणींनी डेप्टफर्डच्या गरीब वस्तीत उघड्यावरची नर्सरी काढली, कारण मुलं आजारी होती, त्यांना आधी हवा, अंघोळ आणि जेवण पाहिजे होतं.

आता हे दोन टोकांचे मजले जोडले कुणी? माझ्या मते याचं बरंचसं श्रेय मुलींच्या शाळांना जातं आणि ते त्यांना कुणी देत नाही. मारिया ग्रे आणि एमिली शिरेफ या बहिणींनी आणखी दोघींना घेऊन 1872 मध्ये मुलींच्या शाळांसाठी कंपनी काढली, पहिली शाळा पुढच्या वर्षी चेल्सीत उघडली, आणि हीच एमिली शिरेफ इंग्लंडच्या फ्रोबेल सोसायटीचीही अध्यक्ष होती. म्हणजे ठोकळ्यांचा वर्ग आणि परीक्षेचा वर्ग एकाच बाईच्या डोक्यात शेजारी शेजारी होते. दुसरं म्हणजे या दिवसाच्या शाळा होत्या, मुली रात्री घरी जायच्या, त्यामुळे सहा वर्षांची आणि सोळा वर्षांची एकाच इमारतीत असली तरी वसतिगृहाचा तो जाच नव्हता. मुलांच्या जुन्या शाळांपैकी बऱ्याच इथे फार उशिरा पोचल्या. 1970 च्या दशकात सरकारने डायरेक्ट ग्रँट, म्हणजे काही शाळांना थेट मिळणारं सरकारी अनुदान, बंद केलं तेव्हा ते घेणाऱ्या शंभराहून जास्त ग्रामर स्कूलनी (परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या माध्यमिक शाळांनी) सरकारी व्यवस्थेत जाण्याऐवजी पूर्ण स्वतंत्र व्हायचं ठरवलं, मग खर्च भागवायचा तर मुलं हवीत, त्यामुळे अनेकांनी मुलींना प्रवेश द्यायला आणि खालचे वर्ग वाढवायला सुरुवात केली.

शिकवण्याचं म्हणाल तर खाली एकच बाई दिवसभर, मधे हळूहळू विषयाचे वेगळे शिक्षक, वर प्रत्येक विषयाला वेगळा माणूस आणि सोळाव्या वर्षी जीसीएसई, म्हणजे तिथली दहावीसारखी परीक्षा. 1988 मध्ये नॅशनल करिक्युलम, म्हणजे सरकारने ठरवलेला अभ्यासक्रम, आला तो या शाळांना बंधनकारक नाही, पण 2008 पासून पाच वर्षांखालच्या मुलांसाठीचा सरकारी आराखडा मात्र त्यांच्या नर्सरीलाही लागू आहे, म्हणजे एकाच शाळेत खालचा मजला सरकारच्या नियमात आणि वरचा मोकळा. 1 जानेवारी 2025 पासून फीवर 20 टक्के व्हॅट (विक्रीवरचा कर) लागला त्यातही खालचा मजला असाच वेगळा पडला, सक्तीच्या शिक्षणाचं वय न झालेल्या मुलांचे नर्सरी वर्ग त्यातून वगळलेत.