डिझेल गाडी परवडते, पण कोणाला?

‘मायलेज जास्त, म्हणून डिझेल गाडीच परवडते’ हे अजूनही ठामपणे सांगितलं जातं. रोजचा पल्ला लांबचा असेल तर त्यात तथ्य आहे. ऑफिस पाच किलोमीटरवर असेल तर नाही.

हिशोब करा. जाऊन-येऊन १० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३,००० किलोमीटर. लिटरला १८ देणारी पेट्रोल गाडी साधारण १६७ लिटर पिते, २२ देणारी डिझेल १३६. वाचले ३१ लिटर! तेवढ्यावर दोन गाड्यांच्या किमतीतला फरक कधी भरून निघणार?

खरी गोम पुढे आहे. आजच्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. साठलेली काजळी जाळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि गाडी काही वेळ सलग पळावी लागते. पाच किलोमीटरमध्ये इंजिनच धड तापत नाही. फिल्टर तुंबत जातो. काजळी जाळण्याचं काम पुन्हा पुन्हा अर्धवट राहिलं तर त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्येही उतरतं. आणि नवा फिल्टर स्वस्त नसतो.

थंड इंजिनावर पेट्रोलचंही मायलेज घसरतं, पण दुखणी कमी. घरी चार्जिंगची सोय असेल तर लहान बॅटरीची इलेक्ट्रिक गाडी बघा. सेकंडहँड घेणार असाल तर आधी बॅटरीची तब्येत तपासून घ्या.